टर्बिनाफिनचे इमल्जेल पातळ का झाले: एका एम.फार्म. प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने टर्बिनाफिन हायड्रोक्लोराइड या बुरशीरोधक औषधाचे एक टक्का इमल्जेल, म्हणजे तेल-पाण्याचे इमल्शन जेलमध्ये मिसळून केलेले मलम, हा विषय प्रबंधासाठी घेतला होता. महाविद्यालय, मार्गदर्शक आणि विद्यार्थिनी यांची ओळख येथे दिलेली नाही. प्रस्तुत लेखक प्रकल्प अडल्यानंतर सल्लागार म्हणून त्यात आला, त्यामुळे सुरुवातीचा भाग प्रयोगवहीतील नोंदींवरून आणि दोघींशी झालेल्या चर्चेवरून मांडला आहे.

विषयाची निवड चुकीची नव्हती. नायटा किंवा गजकर्ण हा आजार गेल्या काही वर्षांत आपल्याकडे चिवट झाला आहे. मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टेरॉइड, बुरशीरोधक आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेली मलमे हे त्यामागचे एक कारण मानले जाते, आणि २०१८ मध्ये सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडे शेड्यूल एचमध्ये (चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत) घेतली त्याची पार्श्वभूमीही हीच होती. दुसरीकडे, टर्बिनाफिनला दाद न देणारी ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी २०२० मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदली गेली. जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली तेलकट मलम लावणे पावसाळ्यात नकोसे वाटते, रुग्ण ते चार दिवसांत सोडून देतो. तेथे पटकन पसरणारे, चिकट न वाटणारे आणि पाण्याने धुऊन निघणारे इमल्जेल उपयोगी पडेल, हा विद्यार्थिनीचा तर्क होता आणि तो योग्यच होता.

प्रबंधाच्या प्रस्तावनेत मात्र इमल्जेलमुळे औषधप्रतिरोधावर मात करता येईल असेही एक वाक्य होते. टर्बिनाफिन बुरशीतील स्क्वालीन इपॉक्सिडेज हे एन्झाइम अडवते. त्यामुळे अर्गोस्टेरॉल तयार होत नाही आणि पेशीत स्क्वालीन साचून बुरशी मरते. ज्या बुरशीचे हे एन्झाइमच जनुकीय बदलाने वेगळे झाले आहे, तिच्यावर केवळ वाहक (औषध ज्यात मिसळले आहे तो मलमाचा भाग) बदलून मात होते असे म्हणायला या प्रकल्पात कोणताही आधार नव्हता. ते वाक्य पुढे खोडण्यात आले.

मूळ सूत्र

सूत्र प्रकाशित शोधनिबंधांवरून घेतले होते, आणि ते इतके रुळलेले आहे की इमल्जेलवरचे निम्मे प्रबंध त्यावरच उभे असावेत. एक टक्का कार्बोपॉल ९४० हा जेल बनवणारा पॉलिमर पाण्यात भिजवून ट्रायइथेनॉलअमाइन या अल्कलीने पीएच ६ ते ६.८ पर्यंत आणायचा, म्हणजे जेल तयार होते. लिक्विड पॅराफिन आणि स्पॅन २० यांचा तेलाचा भाग, आणि ट्वीन २०, प्रॉपिलीन ग्लायकॉल व पॅराबेन यांचा पाण्याचा भाग (स्पॅन व ट्वीन हे तेल-पाणी एकत्र धरणारे सर्फॅक्टंट, पॅराबेन हे जंतू वाढू न देणारे परिरक्षक) वेगवेगळे ७० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकत्र ढवळायचे. औषध थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून त्यात घालायचे, आणि थंड झालेले इमल्शन जेलमध्ये एकास एक प्रमाणात मिसळायचे.

याच सूत्राच्या काही प्रतींमध्ये शेवटी ग्लुटाराल्डिहाइड घालायला सांगितलेले आढळते. ग्लुटाराल्डिहाइड अमाइन गटांना जोडते, कार्बोपॉलमध्ये असतात ते कार्बोक्झिल गट. शिवाय ते त्वचेला ॲलर्जी करणारे म्हणून ओळखले जाते. खाजेवरच्या मलमात ते कशासाठी घालायचे, याचे उत्तर उतरवून घेणाऱ्यांपैकी कोणी शोधलेले दिसत नाही. विद्यार्थिनीने ते वगळले होते, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

अडचण

कार्बोपॉलचे जेल उत्तम बनले. काचकांडी उभी रोवली तर तशीच राहत होती. इमल्शनही दुधाळ, एकसंध आणि स्थिर होते. दोन्ही एकत्र केल्यावर मात्र काही मिनिटांतच मिश्रण सैल पडू लागले, बीकरच्या कडेला पांढऱ्या तंतुमय गुठळ्या दिसू लागल्या आणि दुसऱ्या दिवशी उलटी केलेली टेस्ट ट्यूब भराभर रिकामी झाली. बोटावर चोळले असता रवाळ कण जाणवत. "मॅडम, जेल बसतच नाही," एवढेच त्या दिवशीच्या नोंदीत लिहिले आहे.

पहिला संशय उपकरणावर गेला. ओव्हरहेड स्टररचा वेग जास्त असल्याने पॉलिमरच्या साखळ्या तुटत असतील असे मार्गदर्शकांना वाटले आणि वेग कमी करून पाहिला. त्यानंतर जेल नीट उदासीन झाले नसेल या समजुतीने ट्रायइथेनॉलअमाइन थेंबाथेंबाने वाढवण्यात आले. प्रत्येक वाढीबरोबर गुठळ्या वाढत गेल्या. हा मुद्दा वहीत स्पष्ट नोंदलेला असूनही त्याचा अर्थ लावला गेला नाही, कारण सर्वांचे लक्ष घट्टपणा परत कसा येईल याकडे होते. मग कार्बोपॉल दीड टक्का केला गेला. घट्टपणा काही प्रमाणात परत आला, गुठळ्या तशाच राहिल्या.

कारणाचा शोध

येथे प्रकल्पातील पहिला खरा निर्णय घेतला गेला. नवीन सूत्रे करून पाहणे थांबवायचे आणि आधी दोष नेमका कोणत्या जोडीत आहे ते शोधायचे, असे ठरले. त्यासाठी तीन साधी मिश्रणे केली, ज्यांना मिळून एक दिवसही लागला नाही.

पहिल्यात औषध वगळून बाकी सर्व घटक घेतले. हे औषधविरहित इमल्जेल घट्ट, गुळगुळीत राहिले. म्हणजे तेल, सर्फॅक्टंट, पॅराबेन आणि स्टरर या चौघांवरचा संशय फिटला. दुसऱ्यात इमल्शन वगळून साध्या कार्बोपॉल जेलमध्ये औषधाचे इथेनॉलमधील द्रावण घातले. जेल लगेच गढूळ झाले, पातळ झाले आणि त्यात तेच पांढरे तंतू दिसले. तिसऱ्यात औषधाऐवजी तेवढ्याच मोल प्रमाणात मीठ घातले. टर्बिनाफिन हायड्रोक्लोराइडचा रेणूभार सुमारे ३२७.९ असल्याने एक ग्रॅम औषधाच्या जागी साधारण ०.१८ ग्रॅम सोडियम क्लोराइड पुरते. हे जेलही पातळ झाले, पण स्वच्छ राहिले. गुठळी एकही नव्हती.

म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. कार्बोपॉलच्या साखळीवरील कार्बोक्झिल गट उदासीनीकरणानंतर ऋणभारित होतात, एकमेकांना दूर लोटतात, साखळ्या उलगडतात आणि त्यामुळे जेल घट्ट होते. कोणताही क्षार (सॉल्ट) घातला की हे परस्पर लोटणे झाकले जाते आणि साखळ्या पुन्हा आखडतात. औषध स्वतःच हायड्रोक्लोराइड क्षार असल्याने पातळपणाचा एक भाग तेथून आला. दुसरा भाग अधिक गंभीर होता. टर्बिनाफिनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो आकडा) सुमारे ७.१ आहे, त्यामुळे पीएच ६.५ ला त्याच्या दर पाच रेणूंपैकी साधारण चार धनभारित असतात. हे धनभारित, तेलाची ओढ असलेले रेणू पॉलिमरच्या ऋणभारित साखळीला चिकटतात आणि ती जोडी पाण्याबाहेर पडते. उरलेला एक हिस्सा भाररहित बेसच्या रूपात असतो आणि तो पाण्यात जवळपास विरघळत नाही. ट्रायइथेनॉलअमाइन वाढवले की हाच हिस्सा वाढतो. प्रत्येक थेंबागणिक गुठळ्या का वाढल्या, याचा उलगडा तेथे झाला.

जेलमधील पॉलिमर ऋणभारित आहे आणि औषध धनभारित आहे, ही माहिती पहिल्या दिवसापासून वाङ्मय आढाव्यात होती. पॉलिमरची माहिती एका प्रकरणात आणि औषधाची दुसऱ्या प्रकरणात, एवढाच काय तो दोष.

समोर असलेले पर्याय

चार पर्यायांचा विचार झाला, त्यातला एक फार काळ टिकला नाही. कार्बोपॉल दोन टक्क्यांपर्यंत नेऊन घट्टपणा मिळवता आला असता, पण चिकटलेले औषध चिकटलेलेच राहिले असते आणि जे औषध पॉलिमरला धरून बसले आहे ते त्वचेकडे किती जाईल याची शाश्वती नव्हती.

औषध बदलण्याचा पर्याय मार्गदर्शकांना सर्वांत सोपा वाटत होता. क्लोट्रिमॅझोल किंवा ल्युलिकोनॅझोल क्षाराच्या रूपात येत नाहीत, त्यामुळे कार्बोपॉलशी त्यांचे असे भांडण होत नाही. परंतु विद्यापीठाकडे शीर्षक नोंदलेले होते, औषधाचा नमुना मिळवण्यात बराच वेळ गेला होता, आणि नव्या औषधासाठी मापनपद्धतीपासून पुन्हा सुरुवात करावी लागली असती.

तिसरा पर्याय शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत आकर्षक होता: क्षाराऐवजी टर्बिनाफिनचा मोकळा बेस वापरायचा आणि तो तेलाच्या भागात विरघळवायचा. हा मार्ग नवीन नाही. लॅमिसिल डर्मजेल या बाजारात आलेल्या उत्पादनात एक टक्का टर्बिनाफिन बेस आहे आणि सोबत आयसोप्रोपिल मायरिस्टेट, इथेनॉल, पॉलिसॉर्बेट २०, सॉर्बिटन लॉरेट आणि कार्बोमर हेच घटक आहेत. म्हणजे कार्बोपॉलसह टर्बिनाफिनचे इमल्जेल बनू शकते. अट एवढीच की औषध क्षाराच्या रूपात पाण्यात न राहता बेसच्या रूपात तेलात असले पाहिजे. अडचण व्यावहारिक होती. पुरवठादाराकडे बेस उपलब्ध नव्हता. प्रयोगशाळेतच सोडियम हायड्रॉक्साइडने बेस मोकळा करायचा तर तयार होणारे ०.१८ ग्रॅम मीठ जेलमध्येच राहते आणि तिसऱ्या मिश्रणात दिसलेला पातळपणा परत येतो. मीठ धुऊन काढून बेस वेगळा करायचा तर त्याची शुद्धता, वितळणबिंदू आणि वर्णपट सिद्ध करण्याचे वेगळे काम अंगावर येते.

चौथा पर्याय भाररहित पॉलिमर घेण्याचा, म्हणजे एचपीएमसी (हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइल सेल्युलोज) किंवा हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज. त्यांच्यावर भार नसल्याने औषध चिकटण्याचा प्रश्न येत नाही, उदासीनीकरणाची गरज नाही आणि पीएच ५ च्या आसपास ठेवता येतो. त्या पीएचला टर्बिनाफिन जवळपास पूर्ण धनभारित राहते, आणि त्वचेचा स्वतःचा पीएचही आम्लधर्मीच असतो. याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. कार्बोपॉलच्या जाळ्यात तेलाचे थेंब जागच्या जागी अडकून राहतात, कारण ठरावीक ताण दिल्याशिवाय ते जेल वाहतच नाही. एचपीएमसीचे जेल घट्ट दिसले तरी अत्यंत संथपणे वाहत असते, त्यामुळे थेंब हळूहळू वर येऊन साय धरण्याचा धोका राहतो.

निर्णय आणि कृती

उरलेला कालावधी लक्षात घेऊन चौथा पर्याय स्वीकारला गेला. लेखकाच्या मते वेळ हाताशी असता तर तिसरा अधिक चांगला ठरला असता, आणि चर्चेतही हे स्पष्टपणे मांडले गेले होते.

एचपीएमसी के४एम वापरले. त्याची भुकटी थेट थंड पाण्यात टाकली की बाहेरून चिकट कवच असलेले गोळे होतात आणि आत कोरडी भुकटी राहते. म्हणून एकूण पाण्याचा साधारण तिसरा हिस्सा सुमारे ८० अंशांना तापवून त्यात ती पसरवली, मग उरलेले थंड पाणी ढवळत घातले आणि भांडे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी बुडबुडे निघून गेलेले स्वच्छ जेल मिळाले. हे पॉलिमर तापवल्यावर पाण्यातून वेगळे होऊ पाहते, त्यामुळे इमल्शन कोमट होईपर्यंत थांबूनच त्यात मिसळले.

पहिल्या बॅचमध्ये गुठळ्या नव्हत्या, पण सेंट्रिफ्यूजमध्ये वर पातळ पांढरा थर दिसला. म्हणजे ज्या सायीची भीती होती तीच. त्यावर दोन बदल केले. साध्या स्टररऐवजी हाय-शिअर होमोजिनायझर वापरून थेंब बारीक केले, आणि तेलाच्या भागात थोडे सिटोस्टिअरिल अल्कोहोल व सिटोमॅक्रोगोल १००० घातले, जे थेंबांभोवती आणि मधल्या पाण्यात थरांची रचना उभी करून हालचाल अडवतात. वर थर येणे थांबले. याने उत्पादन जेलकडून थोडे क्रीमकडे सरकले हे मान्य केले पाहिजे. लावल्यावर ते पूर्वीइतके थंड आणि हलके वाटत नव्हते.

चाचण्या काय सांगत होत्या

सूत्र सुटल्यावर प्रकल्प संपल्यासारखा वाटला, परंतु चाचण्यांचे आकडे आले तेव्हा दुसरी अडचण समोर आली, आणि या अभ्यासातला अधिक महत्त्वाचा भाग तिथूनच सुरू होतो.

फ्रान्झ सेल या मध्ये पटल असलेल्या दोन कप्प्यांच्या उपकरणात सेलोफेन पटलातून औषध किती बाहेर येते ते मोजले होते. खालच्या कप्प्यात नेहमीप्रमाणे पीएच ७.४ चा फॉस्फेट बफर होता. सुरुवातीला आलेख वर चढला आणि मग आडवा झाला. मसुद्यात याला नियंत्रित आणि दीर्घकालीन औषधमुक्ती म्हटले होते आणि त्यावर गणिती प्रारूपेही बसवली होती. प्रत्यक्षात ७.४ पीएचला टर्बिनाफिनचा बराचसा भाग बेसच्या रूपात जातो आणि तो बफरमध्ये विरघळत नाही. वर एक ग्रॅम इमल्जेल म्हणजे १० मिलिग्रॅम औषध, खाली १५ मिलिलिटर द्रव. सगळे औषध आले तर एका मिलिलिटरमध्ये ०.६७ मिलिग्रॅम होते. सिंक स्थिती, म्हणजे औषध विरघळायला खाली भरपूर वाव, राखायची तर त्या द्रवाची क्षमता याच्या किमान तिप्पट, म्हणजे सुमारे २ मिलिग्रॅम हवी. साधा बफर तिच्या जवळपासही नव्हता. औषध सावकाश सुटत नव्हते. खाली जागाच उरली नव्हती. द्रव बदलून आम्लधर्मी बफर आणि इथेनॉल यांचे मिश्रण घेतल्यावर आलेख चढत राहिला, आणि दीर्घकालीन मुक्तीचा दावा मागे घेतला गेला.

मापनातही एक बारीक खोट निघाली. यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २८३ नॅनोमीटरला वाचन घेतले जात होते. पॅराबेनचे शोषण त्याच परिसरात पसरलेले असते आणि तेही पटलातून खाली येतात. औषधविरहित इमल्जेलचे वाचन वजा केले नव्हते. पुढील नमुने घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसीवर घेतले.

सूक्ष्मजीव चाचणीत औषधाचा प्रभाव अगदी फिका दिसला. कप-प्लेट पद्धतीत कँडिडा अल्बिकन्स ही बुरशी वापरली होती, कारण ती एका दिवसात वाढते आणि बहुतेक महाविद्यालयांत तयार असते. परंतु टर्बिनाफिनचे खरे बळ नायट्याच्या बुरशींवर आहे. कँडिडावर ते बरेच कमी परिणामकारक ठरते. नायट्यासाठीचे मलम आणि चाचणी कँडिडावर, यात प्रश्न आणि उत्तर यांची गाठच पडत नाही. चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहातून ट्रायकोफायटनचा प्रमाणित वाण मागवून साबुरो डेक्स्ट्रोज ॲगारवर चाचणी पुन्हा केली. वाढीला आठवड्याहून अधिक लागतो, त्यामुळे वेळापत्रक कोलमडले, पण बुरशी न वाढलेली क्षेत्रे ठळक आणि औषधविरहित नमुन्यापासून स्पष्ट वेगळी आली. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातून रुग्णाकडून मिळालेला वाण घेण्याचाही विचार झाला होता. तो मुद्दाम टाळला, कारण वाण प्रतिरोधक निघाला असता तर चाचणीने औषधाबद्दल सांगितले असते, सूत्राबद्दल नाही.

निष्पत्ती

शेवटचा प्रश्न औषध त्वचेत कुठे पोहोचते हा होता. मूळ आराखड्यात त्वचेतून जास्तीत जास्त औषध आरपार जाणे हेच यश मानले होते. नायट्याची बुरशी मात्र शृंगी थरात (त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरात), केसांत आणि नखांत राहते. आरपार जाऊन रक्तात पोहोचलेले औषध तिच्या दृष्टीने वाया गेलेले असते. त्यामुळे कत्तलखान्यातून आणलेल्या डुकराच्या कानाच्या त्वचेवर चाचणी करून शेवटी चिकटपट्टीने वरचे थर एकेक काढले आणि त्यांतील औषध मोजले. येथे खालच्या द्रवात इथेनॉल ठेवता येत नव्हते, कारण ते त्वचेचा अडथळाच बिघडवते. सर्फॅक्टंट घालून काम भागवले.

शृंगी थरात साठलेले औषध बाजारातील एक टक्का क्रीमच्या तुलनेत जवळपास सारखे निघाले, अधिक नाही. मसुद्यातील श्रेष्ठतेचा दावा काढून "तुल्यबळ" असे लिहिले गेले. ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत तीन महिने ठेवलेल्या नमुन्यात थर वेगळे झाले नाहीत आणि औषधाचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेत राहिले. घट्टपणा थोडा उतरला. बाह्य परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न विचारले ते पहिल्या तीन मिश्रणांवर, आणि प्रबंध मान्य झाला.

वेगळे काय करता आले असते

औषधाचा भार, पीकेए आणि पॉलिमरचा भार हे तीन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले असते तर कार्बोपॉलची निवड बहुधा झालीच नसती, किंवा बेसची मागणी पहिल्याच महिन्यात पुरवठादाराकडे गेली असती. प्रकल्पाचा सर्वाधिक वेळ कार्बोपॉलचे प्रमाण आणि ट्रायइथेनॉलअमाइनचे थेंब यांत गेला, आणि तो सर्व टाळता येण्यासारखा होता.

कार्बोपॉलच घ्यायचा असता तरी ९४० ऐवजी ९८० घेणे योग्य ठरले असते. ९४० पारंपरिकरीत्या बेंझीनमध्ये बनवला जातो. बेंझीन कर्करोगकारक आहे आणि औषधांत त्याची मर्यादा २ पीपीएम आहे. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने डिसेंबर २०२३ मध्ये अशा कार्बोमरऐवजी दुसरे वापरण्याबाबत मार्गदर्शन जारी केले. ९८० चे गुण जवळपास तेच आहेत आणि तो बेंझीनशिवाय बनतो. महाविद्यालयांच्या साठ्यात मात्र ९४० चीच बरणी दिसते.

खालच्या द्रवातील औषधाची विद्राव्यता फ्रान्झ सेल मांडण्यापूर्वी मोजायला हवी होती. ही एका दिवसाची चाचणी आहे आणि ती न केल्याने एक संपूर्ण प्रकरण पुन्हा लिहावे लागले.

एक त्रुटी शेवटपर्यंत राहिली. ट्वीनसारखे भाररहित सर्फॅक्टंट पॅराबेनला आपल्या मायसेलमध्ये (रेणूंच्या सूक्ष्म पुंजक्यांत) ओढून घेतात आणि पाण्याच्या भागातील त्यांची परिणामकारकता घटवतात, हे जुने आणि सुस्थापित निरीक्षण आहे. या सूत्रात ट्वीन आहे, सिटोमॅक्रोगोलही आहे आणि पाणीही भरपूर आहे. परिरक्षक पुरेसे आहे की नाही हे मुद्दाम जंतू सोडून करायच्या चाचणीनेच कळते. ती सोय महाविद्यालयात नव्हती आणि बाहेर करून घ्यायला निधी नव्हता. पुढील बॅचच्या विद्यार्थ्याने मोकळ्या बेसवर काम घेतले आहे आणि त्याच्या आराखड्यात ही चाचणी सूत्र निश्चित होण्यापूर्वीच्या टप्प्यात ठेवली आहे.